दमवायचं यंत्र

माझ्या नातसुनेनं परवा घरात पट्ट्यावर पळायचं यंत्र आणलं. आणण्याआधी ती नवऱ्याला घेऊन दुकानात गेली, यंत्रांवर पळून पाहिलं, घाम पुसला, नाकं मुरडली आणि मग एक पसंत केलं. मी विचारलं, "तूच पसंत केलंस?" ती म्हणाली, "मग काय, पळायचं मलाच आहे ना." एवढी साधी गोष्ट. आमच्या वेळी ती कुणाच्या डोक्यात आली नाही, म्हणून हे लिहिते आहे. गोड आठवणी वाचायच्या असतील त्यांनी दुसरीकडे बघावं.

माझं सासर शिरड शहापूर आणि जवळा बाजार यांच्या मधल्या एका गावात. निजामाचं राज्य होतं आणि विलायतेत लढाई चालू होती. घर वतनदाराचं. सासरे मी यायच्या आधीच वारले होते, घरावर सत्ता थोरल्या दिरांची, म्हणजे माझ्या भासऱ्यांची. त्यांच्यावर सत्ता सासूबाईंची. भासऱ्यांची बायको ती माझी जाऊबाई, आणि मी धाकटी. माझा नवरा त्या घरात जेवायला आणि मान हलवायला होता.

घरात गोषा कडक. उंबऱ्याबाहेर पाऊल नाही, माहेरी जायचं तर पडदे लावलेल्या गाडीतून. भासऱ्यांपुढे मी उभं राहायचं नाही, बोलायचं तर मुळीच नाही. आणि या सगळ्यावर एक मोठा तोरा असा, की आमच्या घरच्या बाया कामाला हात लावत नाहीत. बैठकीत पाहुणे आले की हे वाक्य पानसुपारीबरोबर फिरायचं. बडा घर पोकळ वासा म्हणतात, तो वासा आम्ही दोघी जावांनी खांद्यावर धरला होता.

कारण खरी गोष्ट अशी, की सासूबाईंना परक्या बाईच्या हातचं पीठ चालत नव्हतं. "कुणाच्या हाताला काय लागलेलं असंल, कुणाला ठावं," म्हणायच्या. घरची माणसं, सालगडी, येणारेजाणारे, सगळ्यांच्या भाकरींची ज्वारी आम्ही दोघी पहाटे दळायचो. माजघराच्या मागच्या खोलीत, दार लावून. आणि जात्यावर ओवी म्हणायची नाही, हा हुकूम. जात्याची घरघर भिंतीपलीकडे गेली तर चालायची, एखादी कुळवाडीण दळत असेल असं लोक समजतील. पण गळा ओळखू येतो. वतनदाराची सून दळताना गाते हे गावाला कळलं तर नाक कापलं जाईल. म्हणून सगळ्या मुलखात पहाटे बाया गायच्या आणि आमचं जातं मुकं फिरायचं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार कशाला म्हणतात ते मला त्या खोलीत कळलं.

गाणं नसल्यामुळे मला जाऊबाईंचा श्वास ऐकू यायचा. खुंट्याला आम्हा दोघींचे हात असायचे. माझ्या दुसऱ्या हिवाळ्यात तो श्वास बिघडला. चार फेरे झाले की त्यांच्या छातीत शिट्टी वाजायची. त्या थांबायच्या, जात्यावर कपाळ टेकवायच्या, आणि मी एकटी ओढायची. पाण्याची कळशी वाड्यातल्याच आडावरून आणताना त्या खांबाला धरायच्या. पायावर सूज आली, मग तोंडावर आली. जोडवी बोटात रुतली.

सासूबाई म्हणाल्या, "चांगली भरली की अंगानं. खाती काय चोरून?"

हे त्या गमतीनं म्हणाल्या नव्हत्या. त्या दिवसापासून जाऊबाईंच्या ताटात तूप पडायचं बंद झालं. मीही एकदा हसले होते हे खोटं कशाला बोलू, कारण सासूबाई बोलायच्याच अशा चटकदार, की मार खाणाऱ्यालाही हसू यावं. जाऊबाईसुद्धा हसल्या, आणि हसता हसता त्यांना पुन्हा दम लागला.

एकदा भासऱ्यांना ताट वाढताना त्या तिथंच खाली बसल्या. वरण सांडलं. तेव्हा मात्र हिंगोलीहून डॉक्टर बोलवायचं ठरलं. डॉक्टर बोलावणं हाही तोऱ्याचाच भाग होता, गावात आणखी कुणाच्या घरी डॉक्टर टांग्यातून येत नव्हता.

डॉक्टरांनी रोगी पाहिला नाही. मध्ये पडदा होता. पडद्यातून जाऊबाईंचा हात बाहेर काढला, तोही वर कोपरापर्यंत आणि खाली बोटांपर्यंत कापड गुंडाळून. मनगट तेवढं उघडं. मी आत त्यांच्या पाठीला टेकू देऊन बसले होते. डॉक्टरांनी नाडी धरली, बराच वेळ धरली, आणि विचारलं, "अंग जड झालंय का? सूज आहे का?"

भासरे म्हणाले, "जाडी वाढली हाय."

"दिवसभर काय करतात?"

मी पडद्यामागे कान टवकारले. आता निघेल, म्हटलं, आता दळण, पाणी, चूल सगळं बाहेर निघेल.

भासरे हसले. "आमच्या घरच्या बाया काय करत्यात डॉक्टर? बसून राहत्यात. पान खात्यात."

आम्हाला पान वर्षातून नागपंचमीला मिळायचं.

डॉक्टरांनी हात सोडला. त्यांचं काही चुकलं असं मला तेव्हा वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. जे सांगितलं त्यावर त्यांनी निदान केलं. बसून बसून चरबी चढली आहे, काळजाला श्रमाची सवय राहिली नाही, म्हणून दम लागतो. रोज फिरायला न्या, चांगला घाम येईपर्यंत. बाहेर जमत नसेल तर घरातच व्यायामाचं काहीतरी साधन आणा. पण दम लागला पाहिजे. हे शेवटचं वाक्य त्यांनी टांग्यात बसतानाही म्हटलं, असं नंतर भासऱ्यांनी सगळ्या गावाला सांगितलं.

ज्या बाईला दमानं मरायची पाळी आली होती, तिला दमवायचं साधन शोधणं आता सुरू झालं. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास.

शोध बैठकीत चालायचा आणि मी माजघराच्या झरोक्यातून ऐकायची. भासऱ्यांचा एक दोस्त हिंगोलीचा मुसलमान व्यापारी होता, हैदराबाद-सिकंदराबादेहून माल आणायचा. तो आधी दोरी घेऊन आला, उड्या मारायची, दोन्हीकडे रंगीत मुठी असलेली. सासूबाईंनी ती हातात धरून पाहिली आणि म्हणाल्या, "नऊवारीत उड्या? अन् धपधप आवाज बैठकीत गेला म्हंजी?" बायकांच्या पावलांचा आवाज पुरुषांच्या कानावर जाऊ नये, असं आमच्यात होतं. दोरी परत गेली. एकानं सांगितलं, माडीचा जिना रोज चढउतार करू द्या, पैसाही लागत नाही. पण माडी बैठकीच्या वर, म्हणजे बाईचे पाय पुरुषांच्या डोक्यावर. तेही नको. आणि खरं तर ज्याला पैसा लागत नाही ते भासऱ्यांना नकोच होतं.

तालमीतली मुदगलाची जड लाकडी जोडी आणली. ती पैलवानांनी घामेजल्या हातांनी धरलेली, म्हणून सासूबाईंनी दोनदा धुवून घेतली आणि मग जाऊबाईंना उचलता आली नाही तेव्हा म्हणाल्या, "खायाला बळ हाय, उचलायला न्हाई." मग स्प्रिंगांचं एक आलं, दोन्ही मुठी धरून छातीपुढं ताणायचं. पहिल्याच ताणाला ते निसटून मनगटावर आपटलं आणि काकणं फुटली. सवाष्णीची काकणं फुटली! सासूबाईंनी जाऊबाईंच्या थोबाडीत दिली. हात रक्तानं भरला होता तो नंतर पाहिला.

सायकलीची गोष्ट सांगायची राहिली. डॉक्टरांनीच सुचवलं होतं, मागचं चाक उचलून ठेवा, जागच्या जागी पायडल मारू द्या. भासऱ्यांकडे सायकल होती. ते नुसते लाल झाले आणि म्हणाले, "आमच्या घरची बाई टांग टाकून बसंल?" विषय तिथंच मिटला.

त्या व्यापाऱ्यानं एक दिवस सहज विचारलं, "भाभीसाब को पूछे क्या, उनकू क्या जमता?" बैठकीत सगळे हसले. भासरे म्हणाले, "तिला काय विचारायचं? तिला काय कळतं यातलं?" सबंध प्रकरणात हा एकच प्रश्न शहाणपणाचा होता आणि तो हसण्यावारी गेला.

शेवटी जे पसंत पडलं ते सिकंदराबादच्या छावणीत कुण्या गोऱ्या साहेबाच्या सामानाच्या लिलावातून आलेलं. नाव वल्हवायचं यंत्र. लांबट लाकडी चौकट, तिच्यात मागंपुढं सरकणारं बसकं, पाय अडकवायला चामडी पट्टे, आणि दोन बाजूंना दोन दांडे. दांडे छातीकडे ओढायचे, सोडायचे, पुन्हा ओढायचे. आमच्या कयाधू नदीला पावसाळा सोडला तर घोटाभर पाणी. आमच्यात नाव कुणी पाहिली नव्हती, आणि वतनदाराच्या घरी कोरड्या खोलीत नाव आली. भासऱ्यांना सगळं पटलं. बसून करायचं, आवाज नाही, टांग टाकणं नाही, पाय कुणाच्या डोक्यावर नाहीत, आणि पंचक्रोशीत कुणाकडे नाही. पूर्णेकडून येणाऱ्या गाडीनं ते हिंगोलीला उतरलं आणि बैलगाडीतून गावात आलं तेव्हा भासऱ्यांनी ते मुद्दाम वेशीतून वळसा घालून आणवलं. चार दिवस ते बैठकीतच होतं. पाहुणे त्यावर बसून दांडे ओढायचे, पोटं धरून हसायचे, आणि मग म्हणायचे, बायकोवर जीव असावा तर असा.

मग ते आमच्या मागच्या खोलीत आलं. जात्याशेजारीच ठेवलं, दुसरीकडे जागा नव्हती.

जाऊबाई त्यावर बसल्या, लुगड्याचा घोळ आवरला, दांडे ओढले. दोनचारदा ओढून माझ्याकडे पाहिलं.

"धाकटे, हे तर आपलं जातंच व्हय ग," म्हणाल्या. "पीठ पडत न्हाई एवढंच."

आम्ही दोघी हसलो. त्या घरात आम्ही मोकळेपणानं हसल्याचं मला तेवढंच आठवतं.

दिनक्रम असा ठरला. पहाटे दळण, मग पाणी, मग चूल, आणि पुरुषांची जेवणं झाली की जाऊबाईंनी यंत्रावर बसायचं. सासूबाई समोर पाट टाकून बसायच्या, कारण डॉक्टरांनी दम लागला पाहिजे असं सांगितलं होतं आणि तो खरा लागतो की सोंग आहे हे कुणीतरी पाहायला हवं. जाऊबाई थांबल्या की त्या म्हणायच्या, "काहून थांबली? मालकानं एवढं आणलं ते काय कोंबड्या बसवायला?" जाऊबाईंचे ओठ जांभळे व्हायचे. मग सासूबाई समाधानानं म्हणायच्या, "आता लागून राहिला बराबर."

व्यायाम चालू आहे म्हणून दळण बंद करावं, निदान एवढं तरी कुणी म्हणावं! मी माझ्या नवऱ्याला म्हटलं. जेवता जेवता म्हटलं, तोंडातला घास खाली जायच्या आत म्हटलं, म्हणजे उठून जाता येऊ नये. "दादांना सांगा, जाऊबाई मरतील. डॉक्टरला खरं सांगा, ती बाई राबती म्हणून."

"दादांच्या तोंडावर मी कसं म्हणू? खोटं बोलले म्हणू?"

"म्हणा."

ते ताटावरून उठले. अर्धी भाकर टाकून उठले, आणि अन्न टाकल्याचं खापर सासूबाईंनी माझ्यावर फोडलं.

दुसऱ्यांदा डॉक्टर आले ते जाऊबाई यंत्रावरून कलंडून पडल्यावर. पुन्हा पडदा, पुन्हा गुंडाळलेला हात, पुन्हा मी आत टेकू द्यायला. या वेळी डॉक्टर नाडी सोडेनात. माणूस हुशार होता. त्यांना कुठंतरी खटकलं असावं, कारण त्यांनी भासऱ्यांना बोलता बोलता थांबवलं आणि पडद्याकडे तोंड करून विचारलं, "बाई, तुम्हीच सांगा. घरात तुम्ही कष्टाचं काही काम करता का? मी रागावणार नाही. मला खरं कळलं तर औषध देता येईल. नाहीतर माझाच उपाय तुम्हाला मारील."

इतकं स्पष्ट विचारलं. मी त्यांच्या पाठीला बोटानं ढोसलं. सांगा. एक शब्द. पडद्याच्या बाहेर भासऱ्यांच्या जोड्यांची टोकं दिसत होती, ती हललीसुद्धा नाहीत.

मग मीच बोलले. भासऱ्यांपुढं, परक्या पुरुषापुढं, लग्नाला दोन वर्षं झालेली सून. "त्या दळतात," मी म्हटलं. "रोज सगळ्या घरादाराचं दळण दळतात. पाणी भरतात. त्यांना यंत्र नको, त्यांना निजू द्या."

डॉक्टर म्हणाले, "बाई, हे खरं आहे का?"

आणि जाऊबाई म्हणाल्या, धापा टाकत, पण स्पष्ट म्हणाल्या, "न्हाई. ती लहान हाय. तिला काई बी बोलायची खोड हाय. मी बसूनच असते."

मला आधी कळलंच नाही काय झालं ते. मग डॉक्टरांनी हात सोडला. पडद्यामागे दोन बायका आणि त्यांच्यातली एक स्वतःच्या जिवाबद्दल सांगते आहे, ते खोटं कसं मानायचं? म्हणाले, मग व्यायाम सोडू नका, हळूहळू वाढवा. भासऱ्यांनी त्यांना टांग्यापर्यंत पोचवलं. पोचवताना धाकटी सून जराशी येडसर आहे, असं हसत सांगितलेलं मी ऐकलं.

शिक्षा मला व्हायची होती, ती सासूबाईंनी डोकं लावून केली. मला मारलं नाही. म्हणाल्या, "खोटारडीचा हात पिठाला नको." मला जात्यावरून उठवलं. दुसऱ्या दिवसापासून दळायला जाऊबाई एकट्या. चूक माझी, ओढणं त्यांचं. बाई क्रूर होती म्हणून कुणी तिला मूर्ख समजू नये.

मी दाराबाहेर बसायची. आतून जात्याची घरघर यायची, थांबायची, यायची. एकदा सासूबाई न्हाणीत होत्या तेव्हा मी आत शिरले. म्हटलं, "काहून? काहून खोटं बोललात? मला खोटं पाडलंत!"

त्या पीठ भरत होत्या. श्वास घेत घेत, तुकड्या तुकड्यानं बोलल्या. "तुझं खरं झालं असतं तर त्यांची मान खाली गेली असती. चार लोकांत. मग डॉक्टरच्या औषधानं मी वाचले असते बी. पण वाचून राहायचं कुठं? ह्याच घरात ना?"

"वाचला तर असता."

"तुला आजून घर कळलं न्हाई, धाकटे."

मला घर चांगलं कळलं होतं. मला त्या कळत नव्हत्या. ज्यानं पान खातात म्हणून सांगितलं, त्याच्या मानेसाठी ही बाई स्वतःचा जीव देत होती, आणि वर मला शहाणपण शिकवत होती. मी त्यांच्या हातातली परात हिसकावली, त्यांनी ती परत घेतली. त्यानंतर आम्ही बोललो नाही. म्हणजे मी बोलले नाही. त्यांनी एकदोनदा हाक मारली, मी ओ दिली नाही.

संक्रांतीच्या आधी एका सकाळी घरघर थांबली आणि पुन्हा सुरू झाली नाही. सासूबाईंनी बाहेरूनच ओरडून विचारलं, "झालं का दळण?" उत्तर आलं नाही तेव्हा म्हणाल्या, "बसली असंल." मी दार लोटलं. त्या जात्यावर पडल्या होत्या, हात खुंट्याला तसाच.

घरात रडणं उठायच्या आधी सासूबाईंनी एक काम केलं. त्यांनी आणि मी, आम्ही दोघींनी, जाऊबाईंना उचलून यंत्राजवळ नेऊन निजवलं. जात्यावर कापड टाकलं. म्हणजे लोकांनी विचारलं तर व्यायाम करता करता गेली असं सांगता यावं. आणि तेच सांगितलं गेलं. भासरे बैठकीत भिंतीला टेकून बसले होते, खरोखर रडत होते, आणि म्हणत होते की डॉक्टरनं सांगितलं ते सगळं केलं, सिकंदराबादेहून आणलं, काही कमी पडू दिलं नाही. लोक म्हणत होते, मालक, तुमी तुमचं केलं, तिचंच तेवढं आयुष्य.

सवाष्ण गेली म्हणून गावातल्या बाया आल्या. हिरवं लुगडं नेसवलं, मळवट भरला, ओटी भरली. अहेवपणी गेली, भाग्याची, अशी कुजबूज चालली होती. तसं मरण आलेल्या बाईच्या पाया पडायची रीत आहे, आपल्यालाही तसंच मरण यावं म्हणून. एकेक बाई वाकत होती. माझी पाळी आली.

मी वाकले नाही. मला तसं मरण नको होतं, आणि त्यांना ते आलं म्हणून मी त्यांना हात जोडणार नव्हते. मला त्यांची माया होती. त्या घरात तेवढं एकच माणूस माझं होतं. त्यांनी डॉक्टरला नुसतं हो म्हटलं असतं तर माझं माणूस मला राहिलं असतं. मी खोटी ठरले याचं मला काही नाही, पण त्यांनी मला एकटीला त्या घरात टाकलं ते एका पुरुषाच्या मानेपायी, आणि हा राग इतकी वर्षं झाली तरी गेलेला नाही. मेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात. म्हणोत.

सासूबाईंनी माझ्या मानेला मागून धरलं आणि कपाळ जाऊबाईंच्या पायाला लागेस्तोवर खाली दाबलं. बाया म्हणाल्या, धाकटीला लई दुःख झालं, पाय सोडीना. तो नमस्कार मी केलेला नाही, एवढं मी इथं सांगून ठेवते.